एक टनाची गाडी : जपानी पिकअपची जडणघडण

पुढे दोन-तीन माणसे बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा, खाली पोलादी चॅसी आणि मागच्या आसाला पाट्यांचा आधार. छोट्या जपानी पिकअपचे वर्णन एवढ्यात आटोपते. १९६० ते १९९० या तीन दशकांत डॅटसन, टोयोटा, माझदा, इसुझू आणि मित्सुबिशी यांनी घडवलेली ही वाहने थायलंडच्या भातखाचरांपासून दक्षिण आफ्रिकेच्या मळ्यांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाच्या कुरणांपासून कॅलिफोर्नियातील माळी-सुतारांपर्यंत पोचली. ऑस्ट्रेलियाने तिला 'यूट' म्हटले, दक्षिण आफ्रिकेने 'बाकी', थायलंडने 'क्राबा'. परक्या देशातून आलेल्या वस्तूला घरचे नाव मिळते तेव्हा ती रोजच्या जगण्याचा भाग झाली असे समजावे.

या गाडीच्या इतिहासात तीन कोडी आहेत. ज्या जपानने ती घडवली, त्याच जपानला तिची फारशी गरज नव्हती. ज्या अमेरिकेने तिला डोक्यावर घेतले, त्याच अमेरिकेने तिच्यावर २५ टक्के कर लादला. आणि लहान आकार, साधी रचना व कुणालाही करता येणारी दुरुस्ती या ज्या गुणांमुळे तिची कीर्ती झाली, ते गुण तिच्याच वारसांनी हळूहळू टाकून दिले. या तिन्ही कोड्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी ट्रक, मग मोटार

जपानी वाहनउद्योगाचा पाया मोटारींपेक्षा मालवाहू गाड्यांवर उभा आहे. फोर्डने १९२५ मध्ये योकोहामा येथे आणि जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ओसाका येथे जुळणीचे कारखाने सुरू केले, तेव्हा मोठ्या ट्रकांची बाजारपेठ अमेरिकी कंपन्यांच्या हाती गेली. जपानी कारखानदारांना उरली ती खालची जागा : अरुंद गल्ल्यांतून तांदळाची पोती, लाकूड, मासळी वाहणाऱ्या लहान व्यापाऱ्याची. ही गरज प्रथम तीनचाकी गाड्यांनी भागवली. दायहात्सूची तीनचाकी १९३० मध्ये आली आणि पुढल्याच वर्षी हिरोशिमाच्या टोयो कोग्यो या कंपनीची 'माझदा-गो' रस्त्यावर उतरली. पुढे हीच कंपनी माझदा या नावाने प्रसिद्ध झाली.

डॅटसनची वाट थोडी वेगळी होती. १९३३ पासून ७५० सीसीपर्यंतच्या लहान वाहनांना जपानच्या नियमांत खास सवलती मिळाल्या आणि त्या मर्यादेत बसणारी छोटी मोटार डॅटसनने बनवली. तिच्याच चॅसीवर हौदा चढवून दशकाच्या मध्यास छोटा ट्रकही तयार झाला. मोटारीचे इंजिन, मोटारीचा चालवण्याचा सोपेपणा आणि मागे मालाची सोय, ही जपानी पिकअपची मूळ कल्पना येथे प्रथम दिसते. टोयोटाचीही सुरुवात ट्रकनेच झाली. १९३५ च्या अखेरीस बाजारात आलेला 'जी-१' हा तिचा पहिला ट्रक वारंवार बंद पडत असे. ग्राहकाच्या दारात जाऊन गाडी दुरुस्त करणे आणि बिघाडाचे कारण शोधून पुढच्या गाडीत ते दूर करणे, हा धडा त्या कंपनीला पहिल्याच गाडीने दिला.

युद्धानंतर ही परंपरा आणखी घट्ट झाली. पराभूत जपानवर ताबा असलेल्या दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ट्रक बनवण्यास परवानगी दिली. प्रवासी मोटारींवर मात्र कडक बंधने ठेवली. १९४७ मध्ये परवानगी मिळाली तीही वर्षाला अवघ्या ३०० लहान मोटारींची. साहजिकच कंपन्यांचे सारे लक्ष मालवाहू गाड्यांकडे राहिले. टोयोटाचा 'एसबी' हा एक लिटर इंजिनाचा, एक टन भार वाहणारा छोटा ट्रक त्याच वर्षीचा. १९५० मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना कोरियन युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याने नोंदवलेल्या ट्रकांच्या मागणीने तिला तारले. १९५५ मध्ये 'क्राउन' येईपर्यंत टोयोटाच्या बहुतेक युद्धोत्तर लहान मोटारी ट्रकच्या चॅसीचाच आधार घेत होत्या. खडबडीत रस्ते, महाग पोलाद, तुटपुंजे इंधन आणि ऐपतीपेक्षा जास्त माल लादणारा ग्राहक, अशा परिस्थितीत या गाड्यांची हाडे बनली.

मापात बसवलेली गाडी

जपानी पिकअप लहान का, याचे उत्तर कायद्यात आहे. जपानमध्ये वाहनांची वर्गवारी आकारावरून होते आणि कर व इतर खर्च त्या वर्गावर अवलंबून असतात. १९६० पासून 'लहान वाहन' या वर्गाची कमाल मर्यादा लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर, उंची २ मीटर आणि पेट्रोल इंजिन २,००० सीसी अशी ठरली. त्याआधी इंजिनाची मर्यादा १,५०० सीसी होती. याच्याही खाली 'केई' हा सर्वांत लहान वर्ग होता. त्याचे इंजिन तेव्हा ३६० सीसीपुरते असे. पुढे १९७६ मध्ये ५५० आणि १९९० मध्ये ६६० सीसीची मुभा मिळाली. होंडाने विकलेली पहिली चारचाकी म्हणजे १९६३ चा 'टी-३६०' हा ट्रक, आणि तो याच केई वर्गातला होता.

लांबीला अशी मर्यादा असली की प्रत्येक वीत महत्त्वाची ठरते. इंजिन पुढे बॉनेटखाली ठेवले तर हौद्याची लांबी कमी होते. चालकाला इंजिनाच्या वर बसवले तर तीच जागा मालाला मिळते. जपानी व्यापाऱ्याने हा हिशेब चटकन केला. टोयोटाने १९५४ मध्ये असा बिनबॉनेटचा हलका ट्रक आणला, १९५६ मध्ये त्याची किंमत उतरवली आणि जनतेकडून नावे मागवून त्याला 'टोयोएस' हे नाव दिले. या गाडीने तीनचाकींचे राज्य संपवले. जपानच्या गल्ल्यांत आजही दिसतात ते याच जातीचे चपट्या तोंडाचे ट्रक.

बॉनेटवाली पिकअप त्यामुळे घरच्या बाजारात मागे पडली. जेथे जागेची टंचाई नव्हती, अंतरे लांब होती आणि मोटारीसारखी ऐटीत चालणारी पण माल वाहणारी गाडी हवी होती, अशा देशांत मात्र तिला भवितव्य होते. पहिल्या कोड्याचे उत्तर हे असे आहे. जपानी मापाच्या कायद्याने ती लहान केली आणि जपानी व्यापाऱ्याच्या हिशेबाने तिला परदेशी पाठवले.

महासागरापलीकडे

१९५७ मध्ये टोयोटाने 'क्राउन' मोटार अमेरिकेत नेली आणि तेथील महामार्गांच्या वेगापुढे ती दमली; काही वर्षांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. डॅटसनने १९५८ च्या लॉस एंजेलिस मोटार प्रदर्शनात आपल्या गाड्या मांडल्या आणि १९५९ पासून छोटी पिकअप विकायला घेतली. तिचे इंजिन सुमारे एक लिटरचे, ताकद ३७ अश्वशक्ती आणि भारक्षमता सुमारे सव्वादोनशे किलो. सहा-आठ सिलिंडरच्या ऐसपैस अमेरिकी पिकअपशेजारी ती खेळण्यासारखी दिसत असणार. पण बागकाम करणारा, नळ दुरुस्त करणारा, भाजी पोचवणारा माणूस रोज काय वाहतो याचा विचार केला, तर त्याला मोठ्या गाडीची गरज क्वचितच पडे. कमी पेट्रोलमध्ये, कमी पैशांत त्याचे काम भागवणारी गाडी अमेरिकी कंपन्या बनवतच नव्हत्या.

१९६० मध्ये निस्सानने अमेरिकेत स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि पश्चिम किनाऱ्याची धुरा युताका कातायामा यांच्याकडे आली. पुढे स्पोर्ट्स मोटारींमुळे त्यांचे नाव गाजले. पण तेथील विक्रेत्यांना सुरुवातीची वर्षे तगवण्यात या छोट्या पिकअपचा मोठा वाटा होता. डॅटसनने तिच्यात टप्प्याटप्प्याने बदल केले. १९६१ च्या '३२०' मॉडेलला १.२ लिटर इंजिन मिळाले, १९६५ च्या '५२०' ला १.३ लिटर. त्यानंतरच्या '५२१' मध्ये अमेरिकेसाठी १.६ लिटरचे ९६ अश्वशक्तीचे इंजिन बसले. अवघ्या दशकभरात ताकद अडीच पटींवर गेली, आणि गाडी तरीही लहानच राहिली.

कोंबडीचा कर

दुसऱ्या कोड्याची सुरुवात मात्र वाहनांपासून फार दूर, युरोपच्या स्वयंपाकघरात झाली. साठच्या दशकारंभी अमेरिकेतील मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांची स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनी आणि शेजारी देशांत मोठ्या प्रमाणात विकली जाऊ लागली. तेथील शेतकरी ओरडले आणि १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने आयात कोंबडीवर जबर कर बसवला. वाटाघाटी फसल्या. अखेर ४ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रत्युत्तर दिले. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार वस्तूंवर वाढीव आयात कर लागू झाला. ट्रकांवरील कर होता २५ टक्के.

रोख जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. तथापि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांनुसार असा कर एकाच देशापुरता ठेवता येत नव्हता. तो सर्वांना सारखाच लागू झाला. भांडण कोंबडीचे, वादी-प्रतिवादी अमेरिका आणि युरोप, आणि दंड मात्र जपानी ट्रकला. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. बाकीच्या वस्तूंवरील कर कालांतराने उठले. ट्रकांवरचा २५ टक्के कर साठ वर्षांनंतरही कायम आहे.

जपानी कंपन्यांनी त्यातूनही पळवाट शोधली. पूर्ण ट्रकवर २५ टक्के कर असला तरी हौदा नसलेल्या, केवळ केबिन आणि चॅसी असलेल्या गाडीवर ४ टक्केच कर होता. तेव्हा गाड्या हौद्याविना जहाजात चढू लागल्या आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांना हौदे बसवले जाऊ लागले. टोयोटासाठी हे हौदे बनवणारा कारखाना १९७२ पासून कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे चालत होता. सुबारूने याहून गमतीदार युक्ती केली. १९७८ च्या 'ब्रॅट' या छोट्या पिकअपच्या हौद्यात मागे तोंड करून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या आणि हे मालवाहू नसून प्रवासी वाहन आहे असे दाखवले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातील रँचवरही अशी एक 'ब्रॅट' होती.

१९८० मध्ये अमेरिकेने केबिन-चॅसीची पळवाट बंद केली. मग कंपन्यांनी कारखानाच तिकडे नेला. निस्सानच्या टेनेसी राज्यातील स्मर्ना येथील कारखान्यातून जून १९८३ मध्ये बाहेर पडलेले पहिले वाहन पिकअपच होते.

कराचा दुसरा परिणाम अधिक खोल होता. परकी स्पर्धा अडवली गेल्यामुळे अमेरिकी कंपन्यांना स्वतःची छोटी पिकअप घडवण्याची घाई उरली नाही. गरज पडली तेव्हा त्यांनी जपानी गाडीवर आपला बिल्ला लावला. १९७२ मध्ये आलेली 'फोर्ड कुरिअर' ही माझदाची गाडी होती आणि त्याच वर्षीची 'शेव्हरोले एलयूव्ही' इसुझूची. डॉजने १९७९ च्या सुमारास मित्सुबिशीची पिकअप आपल्या नावाने विकली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, पंपांवर रांगा लागल्या, आणि हे सर्व बिल्ले एकाएकी मोलाचे ठरले. शेव्हरोलेची स्वतःची 'एस-१०' आणि फोर्डची 'रेंजर' यायला १९८२ साल उजाडावे लागले.

हायलक्सची हाडे

जगाच्या बहुतेक भागांत आज छोट्या पिकअपचे नाव निघाले की 'हायलक्स' आठवते. मार्च १९६८ मध्ये ती बाजारात आली. 'हाय' आणि 'लक्झरी' या दोन शब्दांतून तिचे नाव बनले. कष्टाच्या गाडीला हे नाव ठेवण्यामागे मोटारीइतका आराम देण्याची आकांक्षा होती. ती घडवण्याचे काम हिनो कंपनीकडे होते. १९६६ मध्ये हिनोने टोयोटाशी हातमिळवणी केली होती आणि 'ब्रिस्का' या छोट्या ट्रकचा अनुभव तिच्या गाठीशी होता. पहिल्या हायलक्सचे इंजिन १,४९० सीसीचे, ताकद ७७ अश्वशक्ती, लांबी सुमारे सव्वाचार मीटर, रुंदी १.५८ मीटर आणि भारक्षमता एक टन. मारुतीच्या एखाद्या मध्यम मोटारीपेक्षाही अरुंद अशा गाडीने हा भार वाहायचा होता.

तो कसा, हे समजण्यासाठी तिच्याखाली वाकून पाहावे लागेल. आजच्या बहुतेक मोटारींत सांगाडा आणि तळ मिळून एकच कवच असते. धक्का आणि भार त्या कवचाने सोसायचा. पिकअपमध्ये शिडीच्या आकाराची स्वतंत्र चॅसी असते : दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. इंजिन, आस, केबिन आणि हौदा या शिडीवर वेगवेगळे बसवलेले असतात. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये बोटभर फट दिसते ती याचसाठी. खड्ड्यात चॅसी किंचित पिळली तरी दोन्ही भाग एकमेकांवर घासत नाहीत. हौदा चेपला तर तेवढाच बदलता येतो. चॅसी तीच ठेवून एका देशात लांब हौदा, दुसऱ्या देशात चार दारांची केबिन, तिसरीकडे रुग्णवाहिका, असे बदलही सोपे जातात.

मागच्या आसावर पोलादी पाट्यांची चळत असते. हे पाटे स्प्रिंगचे काम करतात आणि आसाला जागेवरही धरून ठेवतात. भार वाढेल तसे ते सपाट होतात आणि अधिक कडक बनतात. म्हणूनच अशी गाडी रिकामी असताना खड्ड्यांतून उसळते आणि भरली की शांत चालते. पुढच्या बाजूला मात्र जपानी अभियंत्यांनी मोटारीची सोय दिली. दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, त्यामुळे स्टिअरिंग हलके राहते. डॅटसन '५२०' मध्ये यासाठी पिळल्यावर मूळ स्थितीला येणारे पोलादी दांडे वापरले होते, हायलक्समध्ये गुंडाळीची स्प्रिंग. मागे ट्रक आणि पुढे मोटार, असा हा मेळ होता. १९७९ मध्ये हायलक्सला चारही चाकांची ओढ मिळाली तेव्हा खडतर वाटेसाठी पुढेही एकसंध आस आणि पाटे बसवले गेले.

इंजिने मुद्दाम साधी ठेवलेली होती : ओतीव लोखंडाचा ठोकळा, एक कार्ब्युरेटर आणि भोवती हात घालायला भरपूर जागा. साध्या पान्यांचा संच आणि थोडे डोके असलेला मेकॅनिक ती रस्त्याच्या कडेला उघडू शके. शहरापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखी हीच मोठी चैन होती. गाडी बंद पडत नव्हती असे नाही. ती बंद पडली तरी माणूस अडकून पडत नव्हता.

या टिकाऊपणाला काळी बाजूही आहे. १९८७ मध्ये चाड देशाच्या सैन्याने टोयोटाच्या पिकअप आणि लँड क्रूझरवर क्षेपणास्त्रे बसवून लिबियाच्या रणगाड्यांना वाळवंटात हरवले. त्या लढाईला 'टोयोटा युद्ध' असेच नाव पडले. तेव्हापासून जगातील कितीतरी यादवी युद्धांत सशस्त्र टोळ्यांच्या हाती हीच गाडी दिसते. भाजी वाहणाऱ्या हौद्याला बंदूक वाहणेही जड जात नाही.

प्रत्येक प्रयोग यशस्वी झाला असेही नाही. माझदाने १९७४ मध्ये खास उत्तर अमेरिकेसाठी फिरत्या पिस्टनच्या, म्हणजे रोटरी इंजिनाची पिकअप आणली. ती वेगवान होती, चालवायला मजेशीर होती, आणि पेट्रोल मात्र ढसाढसा पीत होती. तेलसंकटाच्या ऐन धामधुमीत आलेली ही गाडी १९७७ मध्ये बंद झाली. त्या काळच्या जवळपास सर्वच जपानी पिकअपचा मोठा दोष म्हणजे गंज. अमेरिकेत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने इंजिन शाबूत असलेल्या असंख्य गाड्यांचे हौदे आणि चॅसी खाऊन टाकल्या. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे काय होते हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको.

भार तोच, गाडी मोठी

तिसऱ्या कोड्याचे बीज सुबत्तेत आहे. पिकअप घेणारा माणूस हळूहळू बदलला. आठवडाभर सामान वाहणारी गाडी सुटीच्या दिवशी समुद्रावर, डोंगरावर नेणारी तरुण पिढी आली. निस्सानने १९७७ मध्ये 'किंग कॅब' आणली : सीटच्या मागे थोडी जादा जागा, पाठ टेकायला ऐसपैस. टोयोटाने काही वर्षांतच तिचे अनुकरण केले. मग चार दारे आली, कुटुंब आले, वातानुकूलन आले. चारचाकी ओढीची उंच गाडी ही कामाऐवजी प्रतिष्ठेची खूण ठरू लागली. १९९५ मध्ये टोयोटाने उत्तर अमेरिकेसाठी 'टकोमा' ही वेगळी पिकअप काढली आणि तेथून हायलक्सची अमेरिकी शाखा निराळी झाली.

नियमांनीही हातभार लावला. गेल्या दशकापासून अमेरिकेत इंधनबचतीचे लक्ष्य वाहनाच्या चाकांमधील क्षेत्रफळावरून ठरते. गाडी जितकी मोठी, तितकी तिला सूट अधिक. लहान पिकअप बनवणाऱ्यावर मात्र कडक लक्ष्य गाठण्याची सक्ती. बचतीसाठी केलेल्या नियमाने लहान गाडीचीच अडचण केली.

आजची हायलक्स पहिल्या हायलक्सच्या शेजारी उभी करून पाहावी. लांबी सव्वाचार मीटरवरून ५.३ मीटरवर गेली आहे, रुंदी १.५८ वरून साधारण १.८५ मीटरवर. ताकद ७७ अश्वशक्तीवरून मोठ्या डिझेल इंजिनात २०४ वर पोचली आहे. भार मात्र तेव्हाही सुमारे एक टन होता आणि आजही सुमारे एक टनच आहे. वाढला तो गाडीचा स्वतःचा पसारा.

अर्थात, या वाढीला निव्वळ डामडौल म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. जुन्या पिकअपमध्ये एअरबॅग नव्हती, समोरून धडक बसली तर केबिनमधील माणसाचे रक्षण करण्याची व्यवस्था जुजबी होती, ब्रेक साधे होते आणि धूर भरपूर होता. आजच्या गाडीच्या वजनातला मोठा भाग माणूस वाचवण्यासाठी आणि हवा स्वच्छ ठेवण्यासाठी खर्च झाला आहे. प्रश्न उरतो तो उरलेल्या भागाचा. कामासाठी गाडी घेणारा सुतार किंवा शेतकरी त्याला नको असलेल्या दिमाखाचेही पैसे मोजतो. आणि बिघाड झाला तर हातात पान्याऐवजी संगणक असलेल्या कारखान्याची वाट धरतो.

भारतातील दुसरी शाखा

भारतात जपानी हलके ट्रक आले ते ऐंशीच्या दशकात, आणि त्यांच्या खुणा मराठी माणसाच्या परिचयाच्या गावांत आहेत. चार भागीदाऱ्या त्या काळात झाल्या. आयशर-मित्सुबिशीचा कारखाना इंदूरजवळच्या पिथमपूरला उभा राहिला, ऑल्विन-निस्सानचा हैदराबादपासून काही अंतरावरील झहीराबादला, डीसीएम-टोयोटाचा उत्तर प्रदेशात सुरजपूरला आणि स्वराज-माझदाचा पंजाबात. मित्सुबिशीच्या गाडीचे 'कँटर' हे नाव मध्य आणि उत्तर भारतात इतके रुळले की कोणत्याही लहान ट्रकला कँटर म्हणण्याची रीत पडली.

या गाड्या बॉनेटच्या पिकअप नव्हत्या. जपानने आपल्या घरासाठी पसंत केलेल्या चपट्या तोंडाच्या जातीच्या होत्या. त्या इंधन कमी खात, चालवायला हलक्या होत्या, पण १९८५ नंतर येन महागत गेला आणि जपानहून येणारे सुटे भाग परवडेनासे झाले. याच सुमारास, १९८६ मध्ये, पुण्याच्या टेल्कोने '४०७' हा स्वदेशी ट्रक आणला आणि बाजार काबीज केला. टेल्कोनेच १९८८ मध्ये 'टाटामोबाइल' ही बॉनेटवाली पिकअपही काढली. जपानी भागीदाऱ्यांची पुढे वेगवेगळी वाटचाल झाली. झहीराबादचा कारखाना महिंद्राकडे गेला. पिथमपूरला आयशरचे ट्रक आजही बनतात. खुद्द जपानी बॉनेट-पिकअप भारतात घडू लागली ती फार उशिरा : इसुझूची २०१६ पासून आंध्रातील श्रीसिटीत, आणि हायलक्स २०२२ मध्ये. तोवर ती महागडी, मोठी आणि हौसेची गाडी झालेली होती. जिची आपल्या शेतकऱ्याला गरज होती ती हायलक्स भारतात कधी आलीच नाही.

पुन्हा लहानाकडे

जुन्या साधेपणाने सहजासहजी निरोप घेतला नाही. दक्षिण आफ्रिकेत १९७१ मध्ये सुरू झालेली छोटी डॅटसन पिकअप निस्सानच्या नावाने २००८ पर्यंत, तब्बल ३७ वर्षे, जवळपास त्याच रूपात बनत राहिली. जपानमध्ये हायलक्सची विक्री २००४ मध्ये थांबली होती. २०१७ मध्ये ती परतली ती थायलंडमध्ये बनून, आयात माल म्हणून. जन्मघरी पाहुणी होऊन आलेली ही गाडी पाहिली की पहिल्या कोड्याची आठवण होते.

अमेरिकेत सध्या याहून चमत्कारिक दृश्य दिसते. पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी वाहने तेथील सुरक्षा मानकांच्या अटींतून सुटतात. या नियमाचा आधार घेऊन तेथील शेतकरी आणि छोटे व्यावसायिक जपानमधून जुने केई ट्रक मागवत आहेत. ६६० सीसी इंजिनाच्या या गाडीचा हौदा जमिनीपासून कमी उंचीवर असतो, तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडतात आणि पोती चढवायला कंबर मोडावी लागत नाही. काही राज्यांनी सुरक्षिततेचे कारण देऊन त्यांची नोंदणी नाकारली, तेव्हा मालक संघटित होऊन कायदेमंडळाकडे गेले. टेक्सासने २०२४ मध्ये नोंदणीची वाट मोकळी केली. जगातील सर्वांत मोठ्या पिकअप बनवणाऱ्या देशातील माणूस तीस वर्षांपूर्वीच्या परदेशी छोट्या ट्रकसाठी भांडतो, याचा अर्थ कारखानदारांनी समजून घ्यावा असा आहे.

टोयोटाने तो थोडाफार समजून घेतलेला दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडमध्ये आलेली 'हायलक्स चँप' ही सपाट पत्र्याची, सरळ रेषांची पिकअप आहे. तिच्या किमती ४ लाख ५९ हजार बातपासून सुरू झाल्या. तिचा हौदा हवा तसा बदलता यावा म्हणून जोडणीची छिद्रे आधीच पाडून ठेवली आहेत. भाजीचा गाडा, फिरते उपाहारगृह, रुग्णवाहिका, जे हवे ते मालकाने बनवावे. मापाने ती पहिल्या हायलक्सपेक्षा बरीच मोठी आहे. पण गाडी कशासाठी घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार तिने मालकाला परत दिला आहे. आणि भार? तोही एक टनच.